श्रावणातच दिवाळी मांडणाऱ्या दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मोठी कापड दुकाने, मॉल व गृहोपयोगी वस्तूंची दालने यांचे मालक व व्यवस्थापक,
तसेच व्यापारी संघटनांचे पदाधिकारी

विषय : दिवाळीची सजावट दसऱ्याआधी न लावण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पोळा दोन दिवसांवर आलेला असताना, सासूबाईंचे डोळे दाखवायला मी त्यांना जळगावला घेऊन गेले होते. परतताना बसस्थानकाच्या वाटेवर एका मोठ्या दुकानासमोर रिक्षा थांबली, कारण दुकानाच्या दारापुढे लोखंडी कमान उभी करण्याचे काम चालू होते. कमानीला सोनेरी कागदाचे आकाशकंदील टांगलेले होते, मधोमध ‘शुभ दीपावली’ अशी अक्षरे होती आणि वरून पावसाची भुरभुर चालू होती. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी कपाळावर हात धरून ते सगळे नीट पाहिले आणि मला विचारले, “आजून पोयाबी व्हयना नही, आन् दिवाई कशी उनी?” म्हणजे, अजून पोळाही झाला नाही आणि दिवाळी कशी आली?

यंदा, २०२५ साली, पोळा २२ ऑगस्टला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. म्हणजे श्रावण संपायच्या आत, पूर्ण दोन महिने आधी, आपण दिवाळी दाराशी आणून उभी केली. सासूबाईंच्या प्रश्नाला त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आता पितृपक्ष चालू आहे आणि तशाच कमानी अमळनेर, धुळे, भुसावळ अशा जिथे जिथे माझे जाणे झाले तिथे दिसल्या. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच विचारावा असे ठरवून हे पत्र लिहीत आहे.

मी परकी नाही, आपल्यातलीच आहे. अमळनेरच्या बाजारात आमचे हंगामी दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, वर ताडपत्री आणि मागे दोन लाकडी पेट्या. सासूबाईंनी ते चाळीस वर्षे चालवले आणि गेली बावीस वर्षे मी चालवते. आमचे पंचांग आमच्या मालावरूनच कळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांसाठी भरायच्या लाल घागरी, श्रावणात राख्या, पोळ्याला बैलांचा साज, मग गणपतीच्या माळा आणि तोरणे, भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई, घटस्थापनेला परड्या, दिवाळीला पणत्या, बोळकी, केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि संक्रांतीला सुगडी. एक माल संपला की ओटा धुऊन दुसरा मांडायचा. जो सण दाराशी आला आहे त्याचीच वस्तू ओट्यावर असते, बाकीचा माल पेटीत असतो. म्हणून धंदा म्हणजे काय, माल आधी भरावा लागतो म्हणजे काय, भांडवल अडकते म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. येत्या २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलणार आहेत, म्हणून गिऱ्हाईक हात आखडून बसले आहे आणि आपल्याला गल्ल्याची काळजी आहे, हेही मी जाणते. माझी तक्रार माल भरण्याबद्दल नाही. तो दोन महिने आधी रस्त्यावर मिरवण्याबद्दल आहे.

पहिली गोष्ट पैशाची, कारण तीच सगळ्यांत जास्त बोचते. आपला मुलूख कापसाचा आहे. केळीवाल्यांकडे वर्षभर थोडाफार पैसा खेळतो, त्यांचे वेगळे. कोरडवाहू कपाशी लावणाऱ्या घरात मात्र पहिली वेचणी होते ती दसऱ्याच्या आगेमागे. यंदा लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झालेला आहे, पण माल केंद्रावर किंवा जिनिंगवर पोहोचल्याशिवाय तो भाव कोणाच्या खिशात येत नाही. त्यातच परदेशी कापसावरचे आयात शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत उठवल्यामुळे बाजारात काय भाव फुटेल याची धास्ती घरोघरी आहे. श्रावण-भाद्रपदात या घरांत पैसा नसतो. त्या दिवसांत खत, फवारणी आणि निंदणीची मजुरी यांतच सगळे गेलेले असते, आणि मुगाचे चार पैसे आले तर ते आधीची उधारी फेडण्यात जातात. नेमक्या त्याच दिवसांत आपण दारात दिवाळी उभी करता आणि शेजारी ‘आज न्या, हप्ता नंतर’ अशी पाटी लावता. दिवाळी दारात दिसू लागली की घरातली मुले मागे लागतात, आणि मुलांपुढे बापाचे चालत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर आलेले एक गिऱ्हाईक सांगते. पारोळ्याकडच्या एका गावचा माणूस, दर वर्षी बैलजोडीचा पूर्ण साज माझ्याकडूनच नेतो : दोन म्होरक्या, दोन कासरे, गोंड्यांच्या दोन जोड्या, कवड्यांच्या माळा, शिंगांना बेगड आणि हिंगूळ. या वर्षी त्याने एकाच बैलापुरते सामान बाजूला काढले. गोंडा हातात घेऊन बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिला. मी विचारले, तेव्हा म्हणाला की एकाला नवा घालतो, दुसऱ्याचा गेल्या वर्षीचाच धुऊन घेतो, कारण दिवाळीच्या नावाने लागलेल्या सेलमधून पोराने मोबाइल घेतला आणि पहिला हप्ता याच महिन्यात आहे. मी त्याला दुसरा गोंडा उधारीवर देऊ केला. त्याने तो घेतला नाही, उलट मलाच म्हणाला की ताई, तुमच्याकडे एवढी तरी उधारी नको ठेवायला. दिवाळीला साठेक दिवस होते आणि पोळा दुसऱ्या दिवशी होता. आपल्या कमानीमुळे जो सण उद्यावर आला होता त्याच्या ताटातले उचलून साठ दिवसांनंतरच्या सणाला वाढले गेले, असे मला त्या दिवशी वाटले आणि अजूनही वाटते.

दुसरी तक्रार आपल्याकडे काम करणाऱ्यांची आहे, आणि ती मी घरच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी एका शहरातल्या मोठ्या कापड दुकानात साड्यांच्या काउंटरवर उभी असते. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका दुकानाचा नाही. भाऊ जाऊन तीन वर्षे झाली. त्याची तिथी भाद्रपद वद्य पंचमीची. तिला भाऊ नाही, आई थकलेली, त्यामुळे घास टाकण्यापासून वाडीपर्यंत सगळे तिनेच करायचे असते. यंदा तिने पंधरा दिवस आधी सुटी मागितली, तर उत्तर मिळाले की दिवाळीचा सीझन सुरू झाला आहे, आता कोणाला सुटी नाही. साप्ताहिक सुटीही ‘सीझन’च्या नावाखाली बंद केलेली. त्या दिवशी ती सकाळी साडेनऊला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा दाराला बांधत होती आणि मी तिच्या घरी जाऊन पान वाढले. कावळ्याने घास घेतला, पण मुलगी तिथे नव्हती.

सीझन पूर्वी वीस दिवसांचा असे. वीस दिवस माणूस पाय दुखेपर्यंत उभा राहतो, घरचे सांभाळून घेतात, नंतर बक्षिसी मिळते आणि सगळे विसरले जाते. तो दोन महिन्यांचा करताना त्या दोन महिन्यांत येणारे पोळा, गौरी, पितृपक्ष आणि नवरात्र हे सगळे कामगारांच्या घरीही असतात, याचा विचार कोणीच केला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी सांगितलेली आहे. त्यात दिवाळीचा अपवाद नाही.

तिसरी गोष्ट कदाचित आपल्यापैकी कोणाच्या लक्षातही आली नसेल. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. शंकर-पार्वती म्हणजे भुलोजी-भुलाबाई, मांडीवर गणपती, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ हलवून ओळखतात. बावीस वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या कुंभारदादांकडून भुलाबाईच्या पन्नास मूर्ती उचलत असे. या वर्षी त्यांनी मला अकरा दिल्या. मुली कमी झाल्या, क्लास वाढले, हे खरे आहेच आणि त्याचा दोष मी आपल्याला देत नाही. पण दादांना विचारले, तेव्हा त्यांनी एक वेगळे कारण सांगितले. शहरातल्या दुकानांना सजावटीसाठी आणि भेटीच्या डब्यांसाठी पणत्या आता गणपतीच्या सुमारासच हव्या असतात, त्यांची मागणी हजारांत असते आणि वेळेत माल न दिल्यास पुढच्या वर्षी काम जाते. त्यामुळे श्रावणापासून घरातले सगळे हात पणत्यांनाच लागतात आणि मूर्तीला वेळ उरत नाही.

यात त्यांचा फायदा तरी झाला का? तेही नाही. पणतीला ऊन लागते. भाद्रपदात ऊन धरत नाही, हवेत ओल असते, कच्ची पणती वरून सुकल्यासारखी दिसते आणि आतून ओलीच राहते. ती आव्यात, म्हणजे भट्टीत, गेली की तडकते. मी गेले तेव्हा दादांच्या अंगणात फुटक्या पणत्यांचा गुडघाभर ढीग होता, आणि त्यावर त्यांची नातवंडे खेळत होती. दुकान फक्त साबूत मोजून घेते, फुटलेल्या कुंभाराच्या. हीच पणती दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात चांगली वाळते आणि कमी फुटते, ही गोष्ट त्यांच्या आजोबांनाही माहीत होती. त्या हिशेबानेच पणत्यांचा वेळ ठरलेला होता.

रस्ता आणि वीज यांबद्दल थोडक्यात लिहिते. ऑगस्ट-सप्टेंबर हे आपल्याकडे पावसाचे महिने आहेत. या दिवसांत दुकानासमोर विजेच्या माळा सोडणे, जोडांना चिकटपट्टी गुंडाळून वायर पायरीवरून नेणे आणि लोखंडी कमान पदपथावर उभी करणे धोक्याचे आहे, आणि चालणाऱ्याला रस्ता सोडून वाहनांत उतरावे लागते ते वेगळेच. दुकानाबाहेर ध्वनिक्षेपक लावून दिवसभर दिवाळीच्या ऑफर सांगितल्या जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बाजारपेठेत दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालय व शाळा यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग आहे. दिवाळीचे चार दिवस लोक सहन करतात. दोन महिने का करावे?

आणि मग, एवढे आधी लावलेले ते दिवाळीत कसे दिसते, हेही पाहावे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, १ नोव्हेंबरला, मी त्याच भाचीला फराळाचा डबा द्यायला तिच्या दुकानात गेले होते. दारातला मोठा आकाशकंदील पोळ्यापासून टांगलेला होता. त्याच्या झिरमिळ्या पावसाने भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या, रस्त्याकडची बाजू उन्हाने पांढुरकी पडली होती, तळाशी मेलेले किडे साचले होते आणि एका कोपऱ्यात कागद फाटून आतली काडी बाहेर आली होती. भाची स्टुलावर चढून फडक्याने धूळ झटकत होती. ज्या दिवशी कंदील नवा असायला हवा, त्या दिवशी तो दुकानातली सगळ्यांत जुनी वस्तू झाला होता. आत शिरणाऱ्या एकाही माणसाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले नाही. दोन महिने रोज पाहून झालेले होते.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो कंदील काढून टाकला. खरे तर कार्तिक महिनाभर आकाशदिवा लावायची आपल्याकडे रीत आहे. तुळशीची लग्ने व्हायची असतात, त्रिपुरी पौर्णिमा व्हायची असते. जळगावात तर कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो आणि १८७२ पासून ही परंपरा चालत आलेली आहे. यंदा ती एकादशी २ नोव्हेंबरला आहे. गावोगावची माणसे त्या दिवशी जळगावात येतात, आणि बाजारातल्या मोठ्या दुकानांच्या दाराला मात्र काहीच नसते, कारण त्यांची दिवाळी श्रावणात सुरू होऊन संपूनही गेलेली असते. जेव्हा दिवे हवेत तेव्हा ते उतरवलेले असतात, याचे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की जगभर असेच चालते. माझा मुलगा शाळेत इतिहास शिकवतो, त्याने मला अमेरिकेतली हकीगत सांगितली. तिथे थँक्सगिव्हिंग हा सुगीच्या आभाराचा सण झाल्याशिवाय नाताळच्या खरेदीची जाहिरात करायची नाही, असा व्यापाऱ्यांत संकेत होता. १९३९ साली तो सण ३० नोव्हेंबरला येत होता, म्हणजे खरेदीला दिवस कमी मिळत होते. व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर आधी ओढून २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी नाकारले, एकाच देशात एक सण दोन दिवशी झाला, आणि शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायमचा ठरवावा लागला. त्याच देशात नॉर्डस्ट्रॉम नावाची मोठ्या दुकानांची साखळी आहे. एका वेळी एकच सण साजरा करणे आम्हाला आवडते, अशा अर्थाची पाटी लावून थँक्सगिव्हिंग होईपर्यंत नाताळची सजावट न करण्याची पद्धत तिने अनेक वर्षे जपली. म्हणजे थांबून धंदा करता येतो. आमच्या ओट्यानेही साठ वर्षे तेच केले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दिवाळीची बाहेरची सजावट, म्हणजे कमान, रोषणाई, कंदील आणि दर्शनी फलक, दसऱ्याआधी लावू नये. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे आणि तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत एकोणीस दिवस मिळतात. कोजागरीपर्यंत थांबा असे म्हणावेसे वाटत होते, पण सोने लुटल्यावर लोक खरेदीला निघतात हे मी स्वतः पाहते, म्हणून तो हट्ट धरत नाही. दुकानाच्या आत दिवाळीचा माल कधीही ठेवा, विका, त्याला माझी हरकत नाही.

जो सण चालू आहे त्याला दर्शनी भागात जागा द्यावी. पोळ्याच्या आठवड्यात एक बैलजोडी सजवून ठेवलीत, पुढच्या महिन्यात धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसवलीत, तर आपल्या काचेत लोक थांबून पाहतील आणि शहरात वाढलेल्या मुलांना ती पाहायला मिळेल. माल माझ्याकडूनच घ्या असे मी म्हणत नाही, आपल्या गावच्या कुंभाराकडून घ्या.

पणत्यांची मागणी आधी नोंदवा, इसार द्या, पण माल दसऱ्यानंतर उचला, आणि त्याआधी हवा असेल तर फुटीचा अर्धा भार आपण सोसा.

कामगारांची साप्ताहिक सुटी कोणत्याही सीझनमध्ये बंद करू नये, आणि पितृपक्षात ज्याची तिथी असेल त्याला तो एक दिवस न मागता द्यावा. तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात, त्यामुळे पाळ्या लावणे कठीण नाही.

पावसाळ्यात पदपथावर कमानी आणि उघड्या विजेच्या माळा लावू नयेत, आणि ध्वनिक्षेपक दुकानाबाहेर ठेवू नयेत.

शेवटची मागणी ही की आधीचे जे दिवस आपण सोडाल, त्यांतले तेरा नंतर जोडावेत. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. त्यानंतर कंदील उतरवू नका, ते ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्या. जळगावच्या दुकानदारांना विशेष विनंती आहे की २ नोव्हेंबरला रथ निघेल तेव्हा त्याच्या वाटेवरच्या प्रत्येक दुकानाच्या दारात दिवा असावा. सासूबाईंना रथाला घेऊन येणार आहे. त्यांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन तोपर्यंत झालेले असेल.

ज्या कमानी आज उभ्या आहेत त्या घटस्थापनेपूर्वी उतरवाव्यात आणि या पत्राचे उत्तर व्यापारी संघटनांनी आपल्या फलकावर सर्वांना वाचता येईल असे लावावे, अशी विनंती आहे.

आपली,
अमळनेरच्या बाजारातील एक हंगामी दुकानदार
भाद्रपद वद्य पक्ष, सप्टेंबर २०२५